कापूस इथला, सूत तिथलं: प्रदेशांची वाढ गणिताला का जुमानत नाही

नागपुरात डिसेंबर उजाडला की विधानभवनाभोवती बॅरिकेड लागतात, आमदार निवासात गर्दी होते आणि वर्तमानपत्रांत एक शब्द पुन्हा ठळक होतो: अनुशेष. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, नोकऱ्यांचा अनुशेष. विदर्भाला मिळायला हवे होते तेवढे पैसे मिळाले नाहीत, ते दिले की हा प्रदेश बाकीच्या महाराष्ट्राच्या बरोबरीला येईल, अशी या शब्दामागची समजूत आहे. मागणी न्याय्य आहे आणि मीही ती मनापासून करतो. पण तिच्या पोटात अर्थशास्त्राचं एक जुनं गणित आहे, आणि ते गणित जगात बऱ्याच ठिकाणी फसलेलं आहे. ते कुठे फसतं हे कळलं नाही तर आपण पैसे मागत राहू, कधी ते मिळतीलही, आणि तरी आपली मुलं पुण्याची ट्रॅव्हल्स पकडतच राहतील.

आधी ते गणित काय आहे ते पाहू. १९५६ मध्ये रॉबर्ट सोलो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने वाढीचं एक साधं मॉडेल मांडलं. पुढे १९८७ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: उत्पादन तीन गोष्टींवर ठरतं. काम करणारी माणसं, त्यांच्या हाताशी असलेलं भांडवल म्हणजे यंत्रं, इमारती, रस्ते, आणि या दोन्हींचा वापर करण्याचं तंत्र. यातलं भांडवल वाढवत गेलं तर उत्पादन वाढतं, पण दर वेळी आधीपेक्षा कमी वाढतं. ज्या कोरडवाहू वावराने कधी खत पाहिलंच नाही त्यात पहिली बॅग टाकली की फरक डोळ्यांना दिसतो. दुसऱ्या बॅगेने थोडा दिसतो. पाचवी बॅग टाकणारा शेतकरी पैसे वाया घालवतो. भांडवलाचंही तसंच.

यातून एक मोठा निष्कर्ष आपोआप निघतो. ज्या प्रदेशात भांडवल कमी आहे तिथे नव्या रुपयावर परतावा जास्त मिळायला हवा. परतावा जास्त तिथे गुंतवणूकदार धावायला हवेत. म्हणजे गरीब प्रदेश श्रीमंतांपेक्षा वेगाने वाढायला हवा आणि दोघांतली दरी आपोआप बुजत जायला हवी. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट बॅरो आणि झेवियर साला-इ-मार्टिन या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतली राज्यं, जपानमधले प्रांत, युरोपातले विभाग यांचे आकडे तपासले आणि एक वेग काढला: दरी वर्षाला साधारण २ टक्क्यांनी कमी होते. हा वेग फार नाही. त्या हिशेबाने दरी निम्मी व्हायला सुमारे ३५ वर्षं लागतात, आणि ७० वर्षांनी ती पाव उरते.

मॉडेलला एक अट आहे, जी सहसा सांगायची राहून जाते. प्रत्येक प्रदेश आपल्या स्वतःच्या पातळीकडे जात असतो. ती पातळी तिथली बचत, शिक्षण, कायदा-सुव्यवस्था, लोकसंख्यावाढ यांवर ठरते. त्यामुळे दोन वेगळ्या देशांतली दरी न बुजणं मॉडेलला मान्य आहे. पण एकच राज्य, एकच चलन, एकच विधानसभा, एकच अभ्यासक्रम असलेल्या दोन भागांत दरी बुजायलाच हवी. विदर्भ आणि उरलेला महाराष्ट्र हे तर मॉडेलसाठी सोप्यातलं सोपं उदाहरण ठरायला हवं होतं.

विदर्भाने महाराष्ट्रात यायच्या अटी ठरवणारा नागपूर करार झाला २८ सप्टेंबर १९५३ रोजी. त्या वेळी नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. तीन वर्षांनी राजधानीपण गेलं. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी मिळेल आणि विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे होईल, असं करारात ठरलेलं होतं. २ टक्क्यांच्या हिशेबाने त्या काळची दरी आज पावच उरायला हवी. प्रत्यक्षात काय झालं? कराराला तीस वर्षं झाल्यावर सरकारला प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमावी लागली. १९८४ च्या अहवालात तिने राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये काढला आणि त्यातला जवळपास ३९ टक्के एकट्या विदर्भाच्या नावावर निघाला. त्यानंतर आणखी तीस वर्षांनी, २०१३ मध्ये, विजय केळकर समितीचा अहवाल आला आणि दरीची मोजणी पुन्हा पहिल्यापासून झाली.

हे आपल्यापुरतंच आहे असंही नाही. २०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक सर्वेक्षणात एक कोडं मांडलं होतं: जगातले गरीब देश श्रीमंतांच्या जवळ सरकू लागलेत, चीनमधले गरीब प्रांतही सरकतायत, पण भारतातली राज्यं मात्र एकमेकांपासून लांब जातायत. इटली १८६१ मध्ये एक झाला. १९५० मध्ये तिथल्या सरकारने दक्षिण इटलीसाठी खास निधी काढला आणि पुढची तीन दशकं त्यात पैसा ओतला. आजही दक्षिणेतलं दरडोई उत्पन्न उत्तर आणि मध्य इटलीच्या ५५ ते ६० टक्क्यांच्या आसपासच आहे. पूर्व जर्मनी १९९० नंतर पहिली काही वर्षं जोरात धावला आणि मग मंदावला. तिथल्या तरुणांनी, विशेषतः तरुण मुलींनी, पश्चिमेची वाट धरली.

मग गणित चुकतं कुठे? मला वाटतं त्याचं उत्तर नागपूरच्या जुम्मा तलावाच्या काठावर जितकं स्पष्ट दिसतं तितकं पुस्तकात दिसत नाही.

एम्प्रेस मिल: गणित बरोबर आलं तेव्हा

जमशेटजी टाटांना कापडाची गिरणी काढायची होती तेव्हा बहुतेक गिरणीवाले मुंबईत होते. टाटांनी नागपूर निवडलं. कापूस पिकतो तिथेच गिरणी, रेल्वे १८६७ मध्येच इथवर पोचलेली, कोळसा वरोऱ्याला, जमीन स्वस्त. सोलोंचं मॉडेल लिहिलं जायच्या ऐंशी वर्षं आधी टाटा त्याच मॉडेलप्रमाणे वागत होते: जिथे भांडवल कमी तिथे परतावा जास्त. तलावाजवळची दलदलीची जागा भराव घालून तयार करावी लागली. एका मारवाडी सावकाराने तेव्हा पैसे द्यायला नकार दिला, जमिनीत सोनं पुरणाऱ्या माणसाला मी कर्ज देणार नाही म्हणाला. पुढे त्यानेच कबूल केलं की या माणसाने माती पुरली आणि सोनं काढलं. १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं होतं, म्हणून नाव एम्प्रेस. नागपूरची हवा कोरडी, सूत तुटायचं, तर आत दमटपणा राखणारी यंत्रणा बसवली. सूत कातणाऱ्या नव्या पद्धतीच्या रिंग चात्यांचे प्रयोग इथे झाले. कामगारांसाठी १८८६ मध्येच पेन्शन फंड आला.

गणित अगदी बरोबर आलं होतं. गिरणी भरभराटली आणि टाटांच्या पुढच्या उद्योगांना तिच्या नफ्याचं बळ मिळालं. पण ते उद्योग निघाले मुंबईत आणि जमशेदपूरला. १९८६ मध्ये आजारी गिरणी राज्य सरकारच्या महामंडळाकडे गेली, २००२ मध्ये ती बंद झाली. आज तिथे मॉल आहे.

म्हणजे भांडवल आलं, परतावाही मिळाला. एका मोठ्या यशस्वी कारखान्याने सव्वाशे वर्षं काम केलं. तरी नागपूर कापडाचं शहर झालं नाही. सोलोंच्या समीकरणात याला जागा नाही, कारण तिथे रुपया गुंतवला की काम संपतं. त्या कारखान्याभोवती दुसरं काय उगवलं, हा प्रश्न समीकरण विचारतच नाही.

एका गाठीचा प्रवास

हे नीट कळण्यासाठी कापसाच्या एका गाठीमागे जाऊ. हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कुठल्याही जिनात जा. बैलगाडीतून, आता बहुतेक पिकअपमधून, कापूस येतो. ग्रेडर मूठभर कापूस उचलून ओढून पाहतो, ओलावा तपासतो, भाव बोलतो. मग ढीग, मग सरकी काढणारी यंत्रं म्हणजे रेचे. १०० किलो कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, उरलेली बहुतेक सरकी. सरकीचं तेल निघतं आणि ढेप गुरांना जाते. रुई दाबून १७० किलोची गाठ बांधतात, म्हणजे एका गाठीमागे जवळपास पाच क्विंटल कापूस. पट्ट्या आवळल्या जातात, गाठीवर नंबर पडतो, गाठ ट्रकमध्ये चढते. आणि त्यातल्या कितीतरी गाठी इथून थेट तामिळनाडूचा रस्ता धरतात.

वेचणीची मजुरी, हमाली, जिनाचा खर्च आणि शेतकऱ्याला मिळालेला भाव एवढंच इथे राहिलं. यापुढे सूत, कापड, रंगाई, शिलाई, लेबल, ब्रँड. प्रत्येक पायरीवर किंमत चढते आणि प्रत्येक पायरी दुसऱ्याच्या गावात आहे.

आता हजारएक किलोमीटर लांबचा कोइमतूरचा गिरणीवाला ही गाठ वाहतूक भरून नेतो आणि तरी फायद्यात राहतो, हे कसं? मॉडेलप्रमाणे गिरणी इथे यायला हवी होती. पण कोइमतूरला पहिली गिरणी १८८८ मध्ये निघाली, १९३० च्या दशकात पायकारा धबधब्याची स्वस्त वीज आली, गिरण्यांची रांग लागली. गिरण्या आल्या म्हणून चात्या बनवणारे कारखाने आले. यंत्र बिघडलं तर फोन करताच तासाभरात येणारा फिटर आला. सूतगिरण्यांसाठी संशोधन संस्था आली. सूत विकत घेणारं तिरुप्पूर शेजारीच उभं राहिलं. तिथला नवा गिरणीवाला यातली एकही गोष्ट स्वतः उभी करत नाही, त्याला ती आयती मिळते. नागपूरच्या गिरणीवाल्याला मात्र सुटा भाग बाहेरून मागवायचा, फिटर बाहेरून बोलवायचा, आणि तो येईपर्यंत यंत्र बंद ठेवायचं. कच्चा माल दाराशी असल्याचा फायदा असा दोन-चार खोळंब्यांतच वाहून जातो.

इचलकरंजीचंही तेच. तिथे १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग लागला, संस्थानच्या जहागीरदारांनी पाठबळ दिलं, आणि बघता बघता गल्लीगल्लीत माग खडखडू लागले. कापूस पिकवण्यात इचलकरंजीचं नाव कधी नव्हतं. सुरतेच्या आसपास हिऱ्याची खाण नाही, तरी जगातले बहुतेक हिरे तिथे पैलू पाडून घेतात.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रुगमन यांनी १९९१ मध्ये हीच गोष्ट गणितात बसवली आणि २००८ च्या नोबेलमागे त्यांचं हे काम होतं. त्यांचं आवडतं उदाहरण अमेरिकेतल्या डाल्टन या छोट्या गावाचं. १८९५ मध्ये तिथल्या एका किशोरवयीन मुलीने लग्नाच्या आहेरासाठी जुन्या पद्धतीची, गोंड्यांची चादर केली. लोकांनी मागितल्या, शेजारणी शिकल्या, दुकानं निघाली, यंत्रं आली, आणि आज ते गाव अमेरिकेच्या गालिचा उद्योगाची राजधानी आहे. सुरुवात योगायोगाने होते. पण एकदा झाली की पुढचा प्रत्येक कारखाना तिथेच जाण्यात शहाणपण मानतो. सोलोंच्या जगात पाचव्या बॅगेचा फायदा कमी होतो. क्रुगमन यांच्या जगात पाचव्या कारखान्याला पहिल्यापेक्षा जास्त फायदा होतो, कारण आधीचे चार तिथे असतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कुठल्या प्रदेशात कुठली वरचढ ठरते यावर सगळं अवलंबून.

विदर्भाच्या हातून असा एक योगायोग थोडक्यात निसटला, आणि तो वाचला की मला आजही चुटपुट लागते. १८८२ मध्ये जमशेटजींच्या वाचनात एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला. चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात, लोहारा इथे उत्तम लोहखनिज आहे आणि जवळच वरोऱ्याचा कोळसा आहे, असं त्यात होतं. पोलादाचं स्वप्न तिथून सुरू झालं. पुढे खाणींच्या परवान्यांचे नियम सैलावल्यावर शोधकाम झालं, पण इथला कोळसा भट्टीसाठी लागणाऱ्या दर्जाचा निघाला नाही. परवाना परत करायला दोराबजी टाटा नागपूरच्या सचिवालयात आले. भेटीला वेळ होता म्हणून ते समोरच्या संग्रहालयात, आपल्या अजब बंगल्यात, फिरत राहिले. तिथे भिंतीवर मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा होता आणि त्यात दुर्ग जिल्हा लोहखनिजाच्या खुणेने गडद रंगवलेला होता. त्यातून दल्ली-राजहराच्या डोंगरांचा शोध लागला, ज्यांच्यावर पुढे भिलाईचा कारखाना उभा राहिला. टाटांचा कारखाना अखेर साकचीला गेला आणि साकचीचं जमशेदपूर झालं. कोळशाच्या प्रतीतला फरक, एक नकाशा, आणि शंभर वर्षांचा इतिहास वेगळ्या दिशेला.

पैसा उताराने वाहत नाही

स्वीडनचे अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्डाल १९५७ मध्येच म्हणाले होते की बाजाराला मोकळं सोडलं तर तो दरी बुजवण्यापेक्षा रुंदावण्याकडे झुकतो. वाढणारं शहर आजूबाजूच्या प्रदेशातून आधी हुशार तरुण ओढतं, मग बँकांतल्या ठेवी ओढतं, मग बाजारपेठही. उलट दिशेनेही काही येतं: शहरातून मागणी, पैसा, नवं तंत्र. पण ओढ बहुधा जास्त असते.

सोलोंच्या हिशेबात माणूस गाव सोडून गेला तर मागे उरलेल्यांची मजुरी वाढते, म्हणजे एकूण बरंच होतं. पण जातं कोण, ते पाहा. नागपुरातून इंजिनिअरिंग केलेली पोरं हिंजवडीला, बंगळुरूला, हैदराबादला जातात. दिवाळीत पुणे-नागपूर गाड्यांचं वेटिंग आणि ट्रॅव्हल्सचे भाव पाहिले की हा प्रवाह केवढा आहे ते कळतं. जो स्वतःचा कारखाना काढू शकला असता तोच आधी जातो. उरलेल्यांची मजुरी त्याने वाढत नाही, कारण त्यांना काम देणारा गेलेला असतो.

अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट ल्युकास यांनी १९९० मध्ये हाच प्रश्न देशांच्या पातळीवर विचारला. मॉडेल खरं मानलं तर भारतात भांडवलावरचा परतावा अमेरिकेच्या ५८ पट असायला हवा, असा हिशेब त्यांनी करून दाखवला. तसं असतं तर अमेरिकेतला सगळा पैसा भारतात यायला हवा होता. तो येत नव्हता, म्हणजे ५८ पट परतावा नव्हताच. कुशल माणसं, भरवशाचे कायदे, शेजारचे पुरवठादार यांच्याशिवाय यंत्र नुसतं उभं राहतं.

इथे एक गोष्ट आपण नागपूरकरांनीही मान्य करायला हवी. पुणे नागपूरचं जे करतं, तेच नागपूर गोंदियाचं, वाशीमचं, गडचिरोलीचं करतं. दरडोई उत्पन्नात नागपूर जिल्हा राज्यात वरच्या जिल्ह्यांत बसतो. गडचिरोली आणि वाशीम तळाच्या जिल्ह्यांत असतात. विदर्भाची सरासरी काढली की ही दुसरी दरी आकड्यांत लपते.

खर्च केला म्हणजे भांडवल झालं का?

आता अनुशेषाकडे परत येऊ. दांडेकर समितीची पद्धत साधी आणि प्रामाणिक होती: राज्याची सरासरी काढायची, जिल्हा तिच्या जितका खाली तितका त्याचा अनुशेष, आणि तो भरून काढायला लागणारा पैसा मोजायचा. पण पैसा खर्च झाला की तेवढं भांडवल तयार झालं, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. अर्थशास्त्रज्ञ लँट प्रिचेट यांनी नेमकं यावर बोट ठेवलं. सरकारी खर्चाची बेरीज आणि प्रत्यक्ष उपयोगी पडणारं भांडवल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गरीब प्रदेशांत त्यांच्यातलं अंतर फार मोठं असतं.

गोसीखुर्द धरण हे त्याचं सगळ्यात दुखरं उदाहरण. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं. मूळ अंदाज सुमारे ३७२ कोटींचा. २००९ मध्ये प्रकल्प राष्ट्रीय ठरला. खर्चाचा आकडा फुगत हजारो कोटींच्या घरात गेला आणि अडीच लाख हेक्टरचं स्वप्न तरी पूर्ण झालेलं नाही. ज्या वर्षी कालव्यात पाणी येईल या आशेवर धानाच्या शेतकऱ्याने मुलाला शेतीत थांबवलं, तो मुलगा आता चाळिशी ओलांडून गेला. समीकरणात हा सगळा खर्च गुंतवणूक म्हणून मोजला जातो. पाणी येईपर्यंत त्याचा परतावा शून्य.

पैसा मोजण्यात आणखी एक घोळ होतो. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. कोराडी, खापरखेडा नागपूरला खेटून आहेत. खाली वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी, वर धुराडी. ही वीज जिल्ह्याच्या उत्पन्नात धरली जाते, कारण ती तिथे तयार होते. पण ती जळते राज्यभर, आणि तिच्यातून होणारी पुढची कमाई जिथे कारखाने आहेत तिथे जाते. राख मात्र कोराडीच्या पट्ट्यात राहते. जिल्ह्याचं उत्पादन आणि जिल्ह्यातल्या माणसांचं उत्पन्न यांत असा फरक पडतो, त्यामुळे खाणींचा जिल्हा कागदावर त्याच्या गावांपेक्षा श्रीमंत दिसतो. केरळात याच्या उलट झालं. आखातातून येणारा पैसा राज्याच्या उत्पादनात मोजला जात नाही, पण तो घरं बांधतो, मुलं शिकवतो. म्हणून केरळ कित्येक वर्षं आकड्यांत गरीब आणि राहणीमानात पुढे, अशा कोड्यासारखा दिसत राहिला.

धोरणानेही काही वेळा भूगोलाचा फायदा पुसून टाकला. १९५० च्या दशकापासून १९९० च्या सुरुवातीपर्यंत वाहतूक समानीकरणाचं धोरण होतं. पोलाद देशात कुठेही एकाच भावात मिळायचं, वाहतुकीचा भार सगळ्यांवर सारखा. खाणीजवळ कारखाना काढण्याचं कारणच त्यामुळे उरलं नाही. बिहार, ओडिशा, मध्य भारत यांचं त्यात नुकसान झालं आणि बंदरांजवळच्या शहरांचं फावलं. त्याच वेळी कापसाला मात्र अशी सवलत कुणी दिली नव्हती, म्हणजे पोलादाच्या पट्ट्याला कापूस आणायचा खर्च स्वतःच सोसावा लागायचा.

रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो

समृद्धी महामार्गावर मी मनापासून आनंदलो. ७०१ किलोमीटर, ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा तुकडा जोडला गेला. आता मुंबई आठ तासांवर आली. पण क्रुगमन यांच्या गणिताचा इशारा इथे लक्षात ठेवावा लागतो. वाहतूक महाग असते तेव्हा लहान गावातला कारखाना अंतराच्या आडोशाने टिकतो. वाहतूक स्वस्त झाली की भिवंडीच्या गोदामातून अमरावतीच्या दुकानात माल सकाळपर्यंत पोचतो, आणि स्थानिक उत्पादकाचा आडोसा जातो. रस्त्याने कोण वाढेल हे त्याच्या दोन टोकांना आधी काय उभं आहे यावर ठरतं. देशाच्या मध्यावर असणं, झिरो माइल आपल्याकडे असणं, याचा अर्थ माल इथे थांबेल असा होत नाही. तो इथून जास्त सोयीने पुढेही जाऊ शकतो.

नागपूर विमानतळालगतच्या मिहान या मालवाहतूक आणि उद्योग प्रकल्पाची कल्पना नेमकी माल थांबवण्याची होती. विमान दुरुस्तीचं केंद्र आलं, आयटी कंपन्या आल्या. त्यातलं विमान दुरुस्तीचं काम मला जास्त आशेचं वाटतं. त्यात शिकलेला मेकॅनिक ही बरीच दुर्मिळ गोष्ट आहे, आणि अशी माणसं शंभरावर जमली की दुसरी कंपनी त्यांच्यासाठी येते. कोइमतूरच्या फिटरची गोष्ट तिथून सुरू होऊ शकते.

संत्र्याचंही थोडक्यात सांगतो. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण साल सैल, टिकाऊपणा कमी, आणि बियांमुळे रस काढून ठेवला की कडवट होत जातो. म्हणून ताजं फळ विकणं हाच मुख्य आधार राहिला. बांगलादेशाने आयातशुल्क वाढवत नेलं तसा वरुड-मोर्शीचा भाव पडत गेला. एकच पीक, एकच रूप, एकच मोठं गिऱ्हाईक. सरासरी वाढ सांगणाऱ्या मॉडेलला ही जोखीम दिसत नाही. पण दर दोन-तीन वर्षांनी फटका बसणारा बागायतदार नव्या गुंतवणुकीला हात आखडता घेतो, आणि तो हिशेब पुढच्या दहा वर्षांच्या वाढीत उतरतो.

एवढं सगळं वाचून सोलोंचं मॉडेल फेकून द्यावं असं मला वाटत नाही. अर्थशास्त्रज्ञ दानी रॉड्रिक यांनी २०१३ मध्ये एक वेगळी तपासणी केली. पूर्ण अर्थव्यवस्थेऐवजी त्यांनी फक्त संघटित कारखानदारी घेतली, आणि तिथे मागास देशांतले उद्योग खरोखर वेगाने पुढच्यांना गाठत होते, देश कुठलाही असो. अडचण एवढीच की गरीब देशांत अशा कारखान्यांत काम करणारी माणसं मूठभर असतात. म्हणजे जिथे मागचे पुढच्यांना गाठतात ती जागा माहीत आहे, तिथे पोचणारे लोक कमी आहेत. विदर्भातही बुटीबोरी-हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतींबाहेर पडलं की कापूस, सोयाबीन, धान आणि पावसाची वाट. अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या वस्त्रोद्योग पार्कचं २०२४ मध्ये भूमिपूजन झालं, ते म्हणून महत्त्वाचं. तिथे किती कोटी आले यापेक्षा पाच वर्षांनी तिथल्या यंत्राचा सुटा भाग अमरावतीत मिळतो का, हे मी विचारेन.

गडचिरोलीत सध्या पुन्हा लोखंडाची गोष्ट सुरू आहे. सुरजागडच्या डोंगरातून खनिज निघतंय, कोनसरीला कारखाना उभा राहतोय. जमशेटजींनी जो पट्टा १८८२ मध्ये कागदावर पाहिला होता त्याच्याच आसपास. या वेळी मोजायच्या गोष्टी वेगळ्या असायला हव्यात. खनिजाच्या ट्रकचा गिअरबॉक्स जवळच्या आष्टीत दुरुस्त होतो की रायपूरला जातो. कारखान्याची खरेदी ठरवणारा माणूस कुठे बसतो. चामोर्शीच्या आयटीआयमधून निघालेली पोरं हेल्पर म्हणून लागतात की ऑपरेटर म्हणून. पोलादापासून काही बनवणारं पहिलं छोटं वर्कशॉप कुणी काढलं, आणि त्याला बँकेने कर्ज दिलं का. हे आकडे आज कुठल्याच समितीच्या तक्त्यात नसतात, आणि पुढच्या डिसेंबरात विधानभवनात कुणीतरी ते मागायला हवेत.